कोलोनोस्कोपी करायची आहे? नागपुरातल्या रुग्णांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात एका एंडोस्कोपी विभागात परिचारिका आहे. तपासणीची तारीख देताना रुग्णाला आणि घरच्यांना सगळं समजावून सांगायचं काम माझ्याकडे असतं. त्या वेळी बहुतेक जण मान डोलावतात, सूचनांचा कागद घडी करून खिशात टाकतात आणि खरे प्रश्न आदल्या रात्री फोनवर विचारतात, पोट साफ करायच्या औषधाचा जग समोर आल्यावर. तेच प्रश्न इथे घेतले आहेत. तुमच्या डॉक्टरांनी यापेक्षा वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण तुमचा आजार त्यांना माहीत आहे.

कोलोनोस्कोपीत नेमकं काय करतात?

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. गुदद्वारातून बोटाएवढी जाड, लवचीक नळी आत नेतात. तिच्या टोकाला कॅमेरा आणि दिवा असतो. नळी मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे पोटाच्या उजव्या बाजूला खाली, जिथे लहान आतडं येऊन मिळतं तिथपर्यंत जाते. गरज असेल तर डॉक्टर लहान आतड्याचा शेवटचा भागही पाहतात. खरं बारकाईचं निरीक्षण नळी हळूहळू बाहेर काढताना होतं. घाई न करता निदान सहा मिनिटं तरी या परतीला द्यावीत, असा जगभरचा दंडक आहे. याच नळीतून बारीक चिमटा घालून तुकडा घेता येतो, पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावरची वाढ, कापता येतो, रक्तस्राव थांबवता येतो.

मला तर मूळव्याध आहे. रक्त त्याचंच असणार. मग एवढी तपासणी कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो. शौचातून रक्त गेलं की आपल्याकडे त्याला मूळव्याध म्हणून मोकळं होतात. मग मलम, गावठी औषध, ओळखीच्या माणसाने सांगितलेली पुडी असं करत महिने जातात. अनेकदा ती मूळव्याधच असते, हे खरं. पण मूळव्याध असलेल्या माणसाला आतड्यात दुसरा आजार होत नाही, असं थोडंच आहे? मूळव्याध, आतड्याला आलेली सूज, जखमा, पॉलिप, कॅन्सर या सगळ्यांत रक्त जाऊ शकतं, आणि नुसत्या रक्ताकडे पाहून त्यांतला फरक कळत नाही.

पुढचं काही असेल तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका: रक्त पुन्हा पुन्हा जाणं, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहणं, कारण नसताना वजन उतरणं, पुरुषांमध्ये किंवा पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया निघणं. उजव्या बाजूला खाली दुखणं, बारीक ताप आणि वजन कमी होणं असं एकत्र असेल तर आपल्याकडे आतड्याच्या टीबीचाही विचार करावा लागतो. हा टीबी लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं त्याच जागी बहुधा बसतो. क्रोन्स नावाचा आजार दिसायला अगदी तसाच असतो, पण दोन्हींचे उपचार निराळे. तिथला तुकडा तपासल्याशिवाय पुढे जाणं कठीण होतं.

काहीच त्रास नाही. वय झालं म्हणून करून घ्यावी का?

अमेरिकेत २०२१पासून ४५ व्या वर्षापासून सगळ्यांना आतड्याच्या कॅन्सरसाठी तपासणी सुचवतात. आपल्याकडे असा सरसकट कार्यक्रम नाही. भारतात या कॅन्सरचं प्रमाण पाश्चात्य देशांपेक्षा कमी आहे, मात्र इथे रुग्णांमध्ये तरुणांचा वाटा जास्त दिसतो. म्हणून 'माझं वय काय, मला कुठे होणार' असं म्हणून लक्षणं अंगावर काढू नका.

आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांच्यापैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा साधारण ४० व्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात कॅन्सर निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा तपासणी करावी.

सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर भागत नाही का?

सोनोग्राफीत आतड्याचा आतला अस्तर-पदर दिसत नाही. सीटी कोलोनोग्राफी नावाची तपासणी आहे, पण तिच्यासाठीही पोट साफ करावंच लागतं आणि पॉलिप दिसला तरी काढायला शेवटी नळीच घालावी लागते. शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी फिट नावाची चाचणी त्रास नसलेल्या लोकांसाठी चांगली आहे. ती पॉझिटिव्ह आली तर कोलोनोस्कोपी टाळता येत नाही.

नागपुरात ही तपासणी कुठे होते आणि खर्च किती?

शासकीय व्यवस्थेत मेडिकलशी (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी) जोडलेलं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल आहे, मिहानला एम्स आहे. खासगीत रामदासपेठ, धंतोली भागात पोटविकारतज्ज्ञांची बरीच केंद्रं आहेत. दर जागोजागी वेगळे असल्यामुळे आकडा सांगण्यात अर्थ नाही. काय विचारायचं ते मात्र सांगते: भुलेचे पैसे धरले आहेत का, तुकडा घेतला तर त्याच्या तपासणीचे वेगळे लागतील का, पॉलिप निघाला तर त्याच वेळी काढाल का आणि त्याचे किती. महात्मा फुले योजनेत बसेल का, हे तिथल्या आरोग्यमित्राला तारीख घेण्यापूर्वीच विचारा. मेडिक्लेम असेल तर डे केअरमध्ये धरतात का, हे कंपनीकडून आधी कळवून घ्या.

तारीख घेताना कोणत्या गोष्टी सांगायलाच हव्यात?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सगळ्यांत आधी. क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन किंवा नव्या प्रकारच्या गोळ्या चालू असतील तर काही दिवस थांबवाव्या लागू शकतात. पण स्टेंट टाकलेला असताना गोळी स्वतःच्या मनाने बंद करणं जिवावर बेतू शकतं. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, लेखी घेऊन या. अ‍ॅस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. रक्त वाढीच्या लोहाच्या गोळ्या मात्र पाच ते सात दिवस आधी बंद करा. त्यांनी शौच काळं आणि चिकट होतं आणि आतड्याला डांबरासारखं चिकटून बसतं.

मधुमेह असेल तर इन्सुलिन आणि गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून बदलून घ्या. नेहमीचा डोस घेऊन उपाशी राहिलात तर साखर खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवायला सांगतात.

आपल्या भागासाठी दोन गोष्टी मी मुद्दाम वेगळ्या विचारते. पहिली, सिकलसेल. विदर्भात हा आजार बराच आहे, आणि पोट साफ करताना अंगातलं पाणी कमी झालं तर सिकलसेलच्या रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा रुग्णाला आदल्या दिवशी भरती करून सलाईन लावून तयारी करणं अनेकदा बरं पडतं. कार्ड घरी पेटीत ठेवू नका, सोबत आणा.

दुसरी, खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. वर्षानुवर्षं खर्रा खाऊन तोंड नीट उघडत नसेल तर ते भूलतज्ज्ञांना माहीत हवंच. भूल देताना श्वासाला मदत करायची वेळ आली तर तोंड किती उघडतं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. लोक घरच्यांसमोर हे बोलायला कचरतात. मला बाजूला घेऊन सांगा, पण सांगा. आणि तपासणीच्या दिवशी सकाळी खर्रा बिलकुल नाही.

याशिवाय मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, पेसमेकर, पोटाचं जुनं ऑपरेशन, औषधाची अ‍ॅलर्जी, गरोदरपण हेही सांगा. मूत्रपिंड अशक्त असेल तर साफसफाईचं औषध जपून निवडावं लागतं. म्हणून ओळखीच्या दुकानातून 'तेच हो, दुसऱ्या कंपनीचं' असं बदलून आणू नका.

आधी खाण्याचं पथ्य काय?

दोन-तीन दिवस आधीपासून बिया, साली, चोथा बंद. जवसाची चटणी, तीळ, शेंगदाणे, टोमॅटो, वांगं, भेंडी, पेरू, संत्रं, पालेभाज्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, मोड आलेली कडधान्यं, ज्वारीची भाकरी, तर्री-पोह्यावरचे चणे हे सगळं नको. चालतं ते असं: मऊ पांढरा भात, घोटलेलं वरण, दही, ताक, साल काढून उकडलेला बटाटा, साधी ब्रेड, इडली, अंडं.

लोकांना वाटतं, एका चिमूटभर चटणीने काय होतं. मी पडद्यासमोर उभी असते तेव्हा जवसाचा एकेक दाणा आतड्याच्या घडीत चमकताना दिसतो. डॉक्टर पाणी सोडून तो खेचायला बघतात, दाणा नळीच्या बारीक वाटेत अडकतो, नळी बाहेर काढून साफ करावी लागते, आणि तेवढ्या वेळात रुग्णाला भूल जास्त द्यावी लागते.

आदल्या दिवशी सकाळी हलकं खाऊन त्यानंतर फक्त आरपार दिसेल असं पातळ घ्या: पाणी, नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, वरणाचं वरचं गाळलेलं पाणी. दूध नको. लाल किंवा जांभळ्या रंगाचं सरबत, बीट, डाळिंबाचा रसही नको. आत गेलेला तो रंग रक्तासारखा दिसतो.

औषध कसं प्यायचं? एवढं कसं जाईल?

तपासणी चांगली होणार की वाया जाणार, हे बहुतांशी इथे ठरतं. यंत्र कितीही महाग असो, डॉक्टर कितीही नामांकित असोत, घाणीखाली लपलेला पॉलिप कुणालाच दिसत नाही.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. मोठं पाकीट साधारण दोन लिटर पाण्यात मिसळायचं असतं. किती पाणी ते पाकिटावर छापलेलं असतं, तेवढंच घ्या. कमी पाण्यात घट्ट करून एकदाचं संपवू, असं करू नका. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला. थंड करून ठेवलं तर चव सुसह्य होते. स्ट्रॉने प्या, मधेच लिंबाची फोड चोखा. पहिल्या दोन-तीन पेल्यांनंतर काहीच होत नाही, तेव्हा घाबरू नका. तास-दीड तासाने सुरू झालं की धावपळ होते, म्हणून संडास मोकळा ठेवायला घरच्यांना आधीच सांगा. पुसण्यापेक्षा धुवा, आणि आधीच थोडं व्हॅसलीन किंवा खोबरेल लावून ठेवा, आग होत नाही.

औषध दोन भागांत देतात: अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी. सकाळी आठची वेळ असेल तर पहाटे तीन-चारला उठावं लागतं, आणि इथेच लोक टाळाटाळ करतात. 'रात्री पोट साफ झालं, आता कशाला' असं म्हणतात. रात्रभरात लहान आतड्यातून चिकट पित्त आणि स्राव खाली उतरतो आणि आतड्याच्या उजव्या भागावर थर धरतो. त्या भागातले चपटे पॉलिप मुळातच दिसायला अवघड. पहाटेचा डोस त्यासाठीच आहे. तो चुकवू नका.

उलटी झाली तर?

अर्धा तास थांबा, मग हळूहळू पुन्हा सुरू करा. सगळंच बाहेर पडत असेल, पोट फुगून कडक झालं असेल, चक्कर येत असेल किंवा जुलाब होतच नसतील तर औषध थांबवून फोन करा. रात्री दोन वाजता केलेला फोनही आम्हाला चालतो.

पोट साफ झालं हे कसं ओळखायचं?

शेवटी निवळ, पिवळसर पाणी पडायला हवं आणि भांड्याचा तळ दिसायला हवा. तपकिरी, गढूळ किंवा कण असलेलं येत असेल तर साफ नाही. तसंच येऊन गप्प बसू नका, आल्या आल्या सांगा. थोडं आणखी औषध किंवा एनिमा देऊन वेळ पुढे ढकलता येते. लपवलं तर टेबलावर नळी घातल्यावर कळतं आणि सगळा सायास पुन्हा करावा लागतो.

आम्ही गडचिरोलीहून, गोंदियाहून येणार. औषध गावी घेऊन निघायचं का?

नका घेऊ. औषध पिऊन एसटीत तीन-चार तास बसणं म्हणजे हाल आहेत. आदल्या दुपारपर्यंत नागपुरात या, नातेवाइकांकडे किंवा दवाखान्याजवळच्या लॉजवर थांबा आणि संडास आत असलेलीच खोली घ्या. जागा मिळत नसेल तर तारीख देतानाच बोला. अनेक ठिकाणी आदल्या दिवशी भरती करून घेतात.

मे महिन्यात केली तर चालेल का?

चालेल, पण नागपूरचा मे ४५ अंशांचा असतो. वरून जुलाब. औषधाच्या पाण्याखेरीज ओआरएस किंवा नारळपाणी घेत राहा, उन्हात फिरू नका, आणि वयस्कर माणसाला रात्री संडासाला एकटं पाठवू नका. रक्तदाब उतरून पडण्याची भीती खरी असते. घाईची नसेल तर ज्येष्ठांची तपासणी दिवाळीनंतर ठेवावी, असं माझं मत.

दुखतं का? पूर्ण भूल देतात का?

शिरेतून गुंगीचं औषध देतात. बहुतेकांना काही आठवत नाही, 'झालं पण?' असं विचारतात. हलकी गुंगी दिली तर आतड्यात हवा भरताना किंवा नळी वळताना पोटात कळ येते, ती थोड्या वेळाने जाते. काही जण गुंगीशिवायही करून घेतात. भूल असेल तर पोट रिकामं हवं. पाणी किती तास आधी बंद करायचं, ते भूलतज्ज्ञ सांगतील. साधारण दोन ते चार तास धरतात.

लाज वाटते. कोण कोण असतं आत?

डॉक्टर, एखाद-दोन परिचारिका किंवा तंत्रज्ञ आणि भूल देणारे डॉक्टर. मागून उघडा असलेला गाऊन घालायला देतात, डाव्या कुशीवर झोपवतात आणि अंगावर चादर असते. तपासणीला लागते तेवढीच जागा उघडी राहते. स्त्रियांसोबत परिचारिका आत असतेच. महिला डॉक्टरच हव्या असतील तर तारीख घेताना सांगा, शक्य असेल तिथे सोय होते. आया-बाया चार-चार वर्षं रक्त जात असूनही केवळ या संकोचापायी सांगत नाहीत, त्याचं मला फार वाईट वाटतं. घरातल्या मुलींनी, सुनांनी त्यांना थेट विचारावं.

पाळी सुरू असेल तर?

तपासणी होते. तारीख बदलायची गरज नाही.

किती वेळ लागतो?

तपासणी वीस मिनिटं ते पाऊण तास. पॉलिप काढायचे असतील तर जास्त. आधीची नोंद आणि नंतर शुद्धीवर येणं धरून अर्धा दिवस मोकळा ठेवा.

धोका किती?

कमी, पण शून्य नाही. आतड्याला छिद्र पडणं ही सगळ्यात गंभीर गोष्ट. ती साधारण हजारात एकाला किंवा त्याहूनही कमी वेळा घडते. घडली तर ऑपरेशन लागू शकतं. पॉलिप काढल्यावर रक्तस्राव होऊ शकतो, कधी लगेच, कधी दोन आठवड्यांपर्यंत केव्हाही. भुलेमुळे श्वास किंवा रक्तदाब कमी होऊ शकतो, म्हणून बोटाला यंत्र लावून सतत लक्ष ठेवतात. आणि चांगल्या तपासणीतही एखादा बारीक पॉलिप नजरेतून सुटू शकतो. संमतीपत्रावर सही करताना हे सगळं मराठीत समजावून मागा.

तुकडा घेतला म्हणजे कॅन्सर आहे का?

नाही. सूज, जुलाबाचा जुना त्रास, टीबीची शंका, पॉलिप अशा अनेक कारणांसाठी तुकडा घेतात. कधी दिसायला आतडं अगदी चांगलं असतं, तरी जुनाट जुलाबाच्या रुग्णाचे तुकडे घेतात, कारण काही आजार फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. घेताना दुखत नाही. अहवालाला साधारण आठवडा लागतो. तोवर शेजाऱ्यांशी चर्चा करून घाबरून जाऊ नका, आणि अहवाल घ्यायला येणं मात्र चुकवू नका. न नेलेले अहवाल आमच्या कपाटात पडून असतात, त्यांतले काही असे असतात की आम्हालाच फोन करत सुटावं लागतं.

पॉलिप म्हणजे आतल्या अस्तराची वाढ. सगळे पॉलिप बिघडत नाहीत. जे बिघडतात त्यांना कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात, आणि त्याआधीच काढून टाकले की तो धोका टळतो. कॅन्सर निघालाच तर उपचारांसाठी मुंबई गाठावीच लागते असं नाही. राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आणि जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट नागपुरातच आहेत.

झाल्यावर काय खायचं, गाडी चालवायची का?

पोटात वायू भरलेला असतो. थोडं चाला, तो सरू द्या, लाजू नका. पूर्ण जाग आल्यावर आधी पाणी, मग वरण-भात किंवा दही-भात. सावजी दोन-चार दिवसांनी. गुंगी दिली असेल तर चोवीस तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सही करायची नाही. सोबत मोठं माणूस असल्याशिवाय आम्ही सोडत नाही. पॉलिप काढला असेल तर लांबचा प्रवास आणि जड उचलणं किती दिवस टाळायचं, आणि रक्त पातळ करणारी गोळी कधी सुरू करायची, हे लिहून घ्या.

घरी गेल्यावर कोणत्या गोष्टी दिसल्या तर धावत यायचं?

पोट वाढत्या प्रमाणात दुखणं, कडक होणं, ताप किंवा हुडहुडी, पुन्हा पुन्हा उलट्या, चक्कर, रक्ताच्या गुठळ्या जाणं किंवा वारंवार रक्त जाणं. तुकडा घेतल्यावर शौचाला थोडा लालसर डाग दिसणं वेगळं. गाव लांब असेल तर आधी जवळच्या रुग्णालयात जा आणि कोलोनोस्कोपी झाली आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगा.

पुन्हा कधी करायची? आणि घरच्यांचं काय?

तपासणी पूर्ण झाली, पोट साफ होतं, काही निघालं नाही आणि घरात कुणाला हा आजार नाही, तर पुढची साधारण दहा वर्षांनी. पॉलिप निघाले असतील तर त्यांची संख्या, आकार आणि अहवाल पाहून बहुधा तीन ते सात वर्षांनी, कधी त्याहून लवकर. पोट साफ नव्हतं असं अहवालात लिहिलं असेल तर ती तपासणी झाली असं धरू नका, पुन्हा करावी लागते. अहवालात नळी सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, पोचली का आणि आतडं कितपत साफ होतं, या दोन नोंदी शोधा. फोटोंसह मूळ प्रत जपून ठेवा.

कॅन्सर किंवा मोठा पॉलिप निघाला तर सख्ख्या भावंडांना आणि मुलांना स्वतः फोन करून कळवा. कोणत्या वयात निघाला, तेही सांगा. त्यांची पहिली तपासणी कधी करायची, हे डॉक्टर त्या वयावरून ठरवतात.